बाळारामदादांचा आवाज

"ऐका हो ऐका! मुरबाडात, पोष्टाच्या गल्लीत, कॉम्प्युटरचा क्लास निघतोय. मास्तर आलेत. पंखा आलाय. टीव्ही आलाय. डबा यायचाय. डबा आला की परत सांगतो!"

माझ्या आयुष्यातल्या पहिल्या धंद्याची ही पहिली जाहिरात. जीपवरच्या दोन भोंग्यांतून ती बाजारपेठभर फिरली आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवरची पोरं मला "मास्तर, डबा आला का?" असं विचारू लागली. मी लिहून दिलेला मजकूर वेगळाच होता. त्यात 'सुसज्ज', 'अत्याधुनिक' आणि 'वातानुकूलित' असे तीन भारदस्त शब्द होते. पण भोंगेवाले बाळारामदादा आदल्या दिवशी तो कागद घेऊन माझ्या खोलीत आले, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाले, "दाखवा."

"काय दाखवू?"

"हेच. लिवलंय ते."

मी मॉनिटर दाखवला. ते त्याच्या मागे जाऊन डोकावून आले. "हा टीव्ही झाला. कॉम्प्युटर कुठाय?" मुख्य डबा कल्याणच्या दुकानातून एसटीनं यायचा होता, हे मी कबूल केलं. मग त्यांनी 'वातानुकूलित' या शब्दावर बोट ठेवलं आणि कोपऱ्यातल्या टेबलफॅनकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी भोंग्यातून बोलले ते असं.

डबा आला. बाळारामदादा पुन्हा आले, मला तो चालू करायला लावला, त्यावर एक बेरीज करून दाखवायला लावली, ती बोटांवर ताडून पाहिली आणि बाहेर जाऊन माईक हातात घेतला. "डबा आला. मी बघितला. चालतो." बस्स, एवढंच. त्या आठवड्यात माझा क्लास भरला. 'सुसज्ज' लिहून भरला नसता.

ही गोष्ट मी घरात सांगायला लागलो की माझी मुलं डबा येईपर्यंत हसतात आणि मग आपापल्या मोबाईलकडे वळतात. बायको तर म्हणते, "तिथंच थांबत जा. पुढचं काढत जाऊ नका, जेवण जात नाही." आजवर मी बायकोचं ऐकत आलो. आज पुढचंही लिहितो.

बाळारामदादा काजळपाड्याचे. मुरबाडहून शहापूरकडे जाताना एका टेकडीच्या पायथ्याशी ही वस्ती आहे. माणूस अंगानं किरकोळ, पांढरा सदरा, गळ्यात टॉवेल, चालणं भराभर. आवाज मोठा नव्हता, मोठा करायला भोंगा होता. पण तो जवळचा होता. भर बाजारात उभं असतानाही वाटायचं, हा माणूस आपल्या खांद्यामागे उभा राहून आपल्यालाच सांगतोय. म्हसा गावच्या जत्रेत मंडपातल्या माईकवर दर वर्षी तेच बसत. हरवलेलं पोर आणलं की ते आधी त्याला मांडीवर घेत, नीट न्याहाळत आणि मगच बोलत. "एक मुलगी सापडलीय. रडत नाय. जिलबी खाते. आईनं धावत येऊ नये, गर्दीत पडाल, सावकाश या." एकदा कुणा पुढाऱ्याचा माणूस येऊन कानाशी लागला, "साहेबांचं आगमन झालंय म्हणून सांगा." बाळारामदादांनी मान उंचावून रस्त्याकडे पाहिलं आणि माईकवरच विचारलं, "कुठायत?" सगळी जत्रा हसली. साहेब आले तेव्हा बैलबाजार उठत आला होता. दादांनी तेही सांगितलं. "आता आले. बघितले."

असं वागून माणूस उपाशी मरायचा. पण झालं उलटंच. आमच्या भागात बातमी खरी की खोटी यावर वाद लागला की एकच प्रश्न विचारला जाई, "बाळाराम बोलला का?" एका गावातला माणूस अपघातात गेला अशी आवई उठली, नातेवाईक रडत दादांकडे आले, की बाबा सगळ्यांना कळव. दादा सायकलवर टांग टाकून दवाखान्यात गेले. माणूस खाटेवर बसून डाळभात खात होता. "मी नुसता बोललो असतो तर?" ते मला नंतर म्हणाले, "त्याच्या म्हातारीनं तिथंच जीव सोडला असता. मग ते कुणाच्या माथी?"

या हट्टाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या आज्याकडे गावकीचं दवंडीचं काम होतं. हलगी वाजवायची आणि वरून हुकूम येईल ते ओरडायचं. खरं का खोटं विचारायची सोय नव्हती. एकदा आज्यानं दवंडी दिली की अमक्या दिवशी जमिनीची मोजणी नाही. आणि त्याच दिवशी मोजणी झाली. ज्यांच्या जमिनी गेल्या ते हुकूम देणाऱ्याच्या दारात गेले नाहीत. ते आज्याच्या दारात आले. पुढं धम्म घेतला, तेव्हा हलगी, दवंडी, सगळी गावकी घरानं सोडून दिली. "आज्याचं नुसतं तोंड होतं रे मास्तर," दादा म्हणाले, "शब्द दुसऱ्याचे. मी माईक धरला तो माझ्या मर्जीनं. तोंड माझं, तर डोळं पण माझंच पायजेत."

माझ्या क्लासवर ते अधूनमधून येऊन मागच्या बाकावर बसायचे. पंखा खरोखरच चांगला होता. मी तेव्हा एका झेरॉक्स काढलेल्या गाइडवरून संगणकाच्या पिढ्या शिकवत असे. पहिली पिढी खोलीभर मोठी, काचेच्या नळ्यांची, तापणारी. दुसरीत त्या नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले. तिसरीत नखाएवढ्या चकतीवर सगळं मावलं. चौथी पिढी म्हणजे माझ्या टेबलावरचा डबा, ज्यावर मी प्लास्टिकचं आवरण घालायचो आणि मुलांना चपला काढून आत घ्यायचो. यातलं चौथ्या पिढीव्यतिरिक्त मी काहीही पाहिलेलं नव्हतं आणि चौथीही मला पुरती कळलेली नव्हती, पण शिकवताना माझा आवाज असा लागायचा जणू पहिला संगणक मुरबाडच्या एसटी स्टँडवर मीच उतरवून घेतला होता. दादा प्रत्येक पिढीनंतर एकच प्रश्न विचारायचे.

"हा बघतो काय?"

"नाही दादा. दिलेलं पटकन करतो."

"मंजे तोंड हाय, डोळं नाय. पुढचा सांगा."

पाचव्या पिढीला गाइडमध्ये एकच ओळ होती. कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि पुढे कंसात 'भविष्यकाळ'. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून मी ती ओळ गाळून टाकायचो.

भोंग्याच्या धंद्यातही पिढ्या बदलल्या. दादांच्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये त्या काचेच्या नळ्या होत्या. आत काय चालतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. "तापतो आणि वास मारतो," एवढंच त्यांचं तंत्रज्ञान. तो जाऊन हलका आला. मग कॅसेट आली, एकदा बोला आणि दिवसभर वाजवा. बाकीच्या भोंगेवाल्यांनी लगेच धरली. दादांनी नाही धरली. "सकाळी भरलेली कॅशेट संध्याकाळी खोटी होते. तोवर सापडलेलं पोर आईकडं गेलेलं असतं, आणि कॅशेट रडते, पोर सापडलंय, पोर सापडलंय." मग मेमरी कार्ड, मग मोबाईल. धंदा हळूहळू त्यांचा पुतण्या नितेश बघू लागला. जीप जाऊन छोटा टेम्पो आला. पण माईक दादांकडेच राहिला.

माईक सुटला तो घशाच्या दुखण्यानं. एका जत्रेनंतर आवाज बसला तो उठलाच नाही. गुळण्या झाल्या, काढे झाले, मग मुंबईच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या आणि शेवटी स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याला खाली एक भोक उरलं, त्यातून ते श्वास घेत आणि त्यावर पांढऱ्या फडक्याचा पडदा बांधत. मी भेटायला गेलो. त्यांची बायको, सुमनवहिनी, अंगणात तांदूळ निवडत होत्या. माझ्या तोंडून नको ते शब्द निघू लागले, 'विज्ञान', 'प्रगती' वगैरे. दादांनी मला हातानं थांबवलं, टॉर्चएवढी एक नळी खिशातून काढून गळ्याला टेकवली, बटण दाबलं, ओठ हलवले. डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी एक सपाट गुणगुण बाहेर आली. तिच्यात चढ नाही, उतार नाही, राग नाही, लोभ नाही. मला पुन्हा ऐकावं लागलं तेव्हा कळलं.

"मास्तर. ही. कितवी. पिढी?"

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. "कालपासून माझ्याशी बोलतायत त्याच्यातून," त्या म्हणाल्या, "मला वाटतं घरात कुणी तिसराच आलाय."

नितेश वाईट पोरगा नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं काजळपाड्यानं त्याला वाईट ठरवलं. काकाचा आवाज गेला याचं त्याला काकापेक्षा जास्त लागलं होतं. जत्रेची जुनी रेकॉर्डिंग त्याच्याकडे होती. ती त्यानं मोबाईलमधल्या कुठल्याशा ॲपला ऐकवली आणि ॲपनं आवाज उचलला. आता मजकूर टाइप करायचा, की फोन बाळारामदादांच्या आवाजात बोलणार. मी जन्मभर संगणकाच्या पिढ्या पढवलेला माणूस. मला वाटत होतं असल्या गोष्टीला खोलीभर यंत्रं लागतील, पांढऱ्या कोटातली माणसं लागतील. त्यानं ते टपरीवर चहा निवेपर्यंत केलं होतं.

पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी तिथं होतो. अंगणात खाटेवर दादा, समोर आम्ही. नितेशनं बटण दाबलं.

"नमस्कार मंडळी. काजळपाड्याहून बाळाराम बोलतोय."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला आणि सुमनवहिनी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते मिटलेलं होतं. मग फोनकडे पाहिलं.

"बंद कर तो."

"काकी, अगं काकांचाच..."

"बंद कर सांगते ना! माणूस इथं मुका बसलाय आणि त्याचा आवाज तिथं बोलतोय. हे बरं नाय रे. काय म्हणतात ते मला नाय माहीत, पण बरं नाय."

दादा डोळे मिटून बसले होते. मग नळी गळ्याला लावली. "परत. लाव." परत ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंदच म्हणेन. नंतर त्यांनी नितेशचा हात धरला आणि ती सपाट गुणगुण पुन्हा निघाली. "बघून. बोलायचं. तू. बघायचं. मग. हा. बोलेल."

"हो काका. शपथ."

सुरुवातीला त्यानं पाळलं. बकरी हरवली तर तो गोठ्यापर्यंत जाऊन यायचा. लसीकरणाचं असलं की शाळेत डोकावून नर्सबाई आल्या का ते पाहायचा. दादांचा आवाज पुन्हा पाड्यापाड्यांतून फिरू लागला आणि म्हाताऱ्या बायका दारात येऊन कानशिलावर कडाकडा बोटं मोडायच्या, "बाळारामाला बरं वाटलं गो!" मग कामं वाढली. लोक फोनवरच मजकूर पाठवू लागले. नितेश फोटो मागवू लागला.

"फोटो बघितला ना काका मी."

"काढला. कुणी?"

"त्यांनीच."

"मंजे. त्यांनी. बघितला." आणि दादा उठून आत गेले.

त्याच सुमाराला काजळपाड्याच्या मागच्या टेकडीवर दगडखाण काढायला एक कंपनी आली. टेकडीवर गावाचा झरा, सरपण, गुरांचं चरणं. गावाची ना होती, पण ग्रामसभेत ठराव व्हायचा होता. पहिल्या सभेला कापणीमुळे माणसंच जमली नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभा परत भरते तेव्हा माणसं किती हवीत याची अट नसते, मूठभर आले तरी ठराव होतो. म्हणून साऱ्या गावानं ठरवलं होतं, या वेळी कापणी राहू दे, झाडून सगळ्यांनी जायचं. सगळं त्या एका सकाळवर होतं.

त्या सकाळी एक अनोळखी टेम्पो वस्तीतून फिरला आणि तेच बोलणं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आलं. "मंडळी, बाळाराम बोलतोय. आजची ग्रामसभा रद्द झाली. पंचायतीच्या दाराला कुलूप आहे. मी आताच जाऊन बघून आलो."

लोकांनी कोयते उचलले आणि शेताला गेले. का नाही जाणार? बाळाराम बघून आला होता.

बाळाराम अंगणात दात घासत होता. सुमनवहिनी सांगतात, हातातला तांब्या तिथंच टाकून ते धावले. पंचायतीचं दार उघडं होतं. आत सतरंजी घातलेली, थोडकी माणसं बसलेली, तीही खाणीच्या बाजूची. दादा तसेच मागे फिरले आणि बांधांवरून पळत सुटले. ओरडायला गळा नव्हता. गळ्याच्या भोकातून नुसती हवा शिट्टीसारखी वाजत होती. नळी घरी राहिली होती, आणि असती तरी तिची गुणगुण एका खाचराच्या पलीकडे जात नव्हती. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. लांबच्या शेतातल्या माणसांनी कमरेतून वर होऊन पाहिलं, बाळारामदादा आहेत हे ओळखलं, आणि त्यांनीही हात वर करून जय भीम घातला. आणि पुन्हा खाली वाकून कापणीला लागले.

माणसं गोळा होऊन पंचायतीत पोचली तेव्हा ठराव होऊन सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती.

नितेशनं बायकामुलांच्या शपथा घेतल्या. टेम्पो त्याचा नव्हता, मजकूर त्याचा नव्हता. पण कंपनीच्या कुणा माणसानं उद्घाटनाच्या जाहिरातीसाठी म्हणून काकांचा आवाज मागितला होता आणि यानं तो पाठवून दिला होता. "मी माझ्याकडचा आता डिलीट केला, काका. बघा, हा बघा, नाय आता."

"त्यांच्याकडचा?"

नितेशनं फोन खिशात घातला. ते बोलणं कुणी बनवलं हे कधीच पुढं आलं नाही. कंपनीनं हात वर केले.

पुढच्या सभेत दादांनी मला नेलं. "तुमी. कॉम्प्युटरचं. सांगा." मी उभा राहिलो आणि माझी जी खोड आहे ती आडवी आली. यंत्र आवाजाची नक्कल कशी करतं हे सांगायला मी पहिल्या पिढीपासून सुरुवात केली. ट्रान्झिस्टरपर्यंत पोचलो तोवर मागच्या ओळीतली एक म्हातारी उठली. "मास्तर, तुमी शिकलेले, आमी अडाणी. पण जन्मभर ऐकलेला बाळारामचा आवाज आमाला कळत नाय काय?"

मग दादा स्वतः उभे राहिले. नळी गळ्याला लावली. "मी. नाय. बोललो." कुणा पोराला फस्सकन हसू फुटलं. पुढं बसलेल्या माणसानं शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणतोय?" शेजाऱ्यानं खिशातून मोबाईल काढला आणि ते बोलणं लावलं. बघून आलोय म्हणणारा तो जवळचा, खांद्यामागचा आवाज. चढउतार तेच. 'मंडळी' म्हणायची तऱ्हा तीच. मी दोन्हीकडे पाहत होतो. एकीकडे यंत्रासारखा बोलणारा माणूस, दुसरीकडे माणसासारखं बोलणारं यंत्र. मी सगळं जाणत होतो, तरी माझे कानसुद्धा फोनवर विश्वास ठेवत होते.

"दादा," कुणीतरी हळूच म्हणालं, "तू तरी असं करायला नको होतंस."

त्यांच्या आज्याला जे ऐकावं लागलं असेल तेच शब्द. दादा खाली बसले.

खाण सुरू झाली. दुपारी सुरुंग लावायचे, त्याआधी गावाला सावध करायचं असा नियम. टेकडीवर चार दिशांना चार भोंगे लागले. पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा काजळपाड्यातलं एकही माणूस जागचं हललं नाही, भीतीनं नव्हे, तर ऐकण्यासाठी.

"मंडळी, बाळाराम बोलतोय. सुरुंग लागणार आहेत. रस्त्यावर असाल तर जागीच थांबा. गुरं आत घ्या." मग धमाका, मग घरांच्या भांड्यांची थरथर, मग धूळ. आणि धूळ बसायच्या आत पुन्हा, "रस्ता मोकळा आहे. मी बघितलं आहे. आता चला."

कंपनीला विचारलं तर साहेब गोड हसून म्हणाला, "लोकांना ओळखीचा आवाज बरा वाटतो. भरवसा वाटतो."

त्या दिवसापासून दादांनी एक नवीनच काम लावून घेतलं. दुपार झाली की डोक्याला टॉवेल बांधून ते टेकडीच्या वळणापर्यंत चालत जात. सावधानतेचा भोंगा वाजायच्या आधी वाटेवर कुणी गुराखी आहे का, कुणाची शेळी चुकलीय का ते पाहत, असेल त्याला हातानं खाली हाकलत. धमाका झाला की पुन्हा पुढं होऊन रस्ता खरंच मोकळा आहे का, वर एखादा दगड लोंबतोय का ते पाहत. डॉक्टरांनी बजावलं होतं, गळ्याच्या भोकातून धूळ सरळ छातीत जाते, धुळीत फिरू नका. वहिनी रोज आडव्या व्हायच्या. मीही एकदा समजावायला गेलो. "दादा, ते तुम्ही नाही बोलत. यंत्र बोलतं. तुमची काय जबाबदारी?"

त्यांनी नळी काढली. धुळीनं तिचं बटणही आता अडकत असे.

"नाव. माझं. घेतो. मग. बघायला. नको?"

असला प्रश्न कुठल्याच गाइडमध्ये नव्हता.

पावसाळ्यात खाण बंद होती तेव्हा ते थोडे सुधारले. ती पुन्हा सुरू झाली तसे पुन्हा जाऊ लागले. गळ्यावरचं पांढरं फडकं दुपारनंतर राखाडी झालेलं असे. वहिनी ते रोज धुवायच्या. मग खोकला आला, ज्याला आवाज नव्हता. नुसतं शरीर हलायचं. शेवटचे थोडे दिवस त्यांना उठवेना. त्या दिवसांत दुपारी भोंगा बोलू लागला की ते खाटेवर तडफडत, दाराकडे हात करत. मग नितेश मुकाट्यानं उठून वळणापर्यंत जाऊन येई आणि काकांना मान हलवून सांगे. त्याच्याशी ते पुन्हा बोलले नाहीत, पण त्यानं मान हलवली की डोळे मिटत.

एका सकाळी गेले. सुमनवहिनींनी नितेशला टेम्पो बाहेर काढू दिला नाही. "भोंगा नको. पायानं जा, तोंडानं सांग." तरी माणसं जमली. फार नव्हती. काही जण कुंपणापाशीच थांबले. त्या सभेपासून ते या अंगणात आले नव्हते. त्रिशरण झालं, पंचशील झालं, पांढऱ्या कपड्यातल्या दादांना आम्ही उचललं. स्मशानाची वाट टेकडीच्या वळणावरूनच जाते. त्या दिवसापुरते तरी सुरुंग थांबवा म्हणून सांगायला सकाळीच माणूस पाठवला होता. साहेब भेटले नाहीत.

वळण समोर दिसू लागलं तेव्हा वरून आवाज आला.

"मंडळी, बाळाराम बोलतोय. सुरुंग लागणार आहेत. रस्त्यावर असाल तर जागीच थांबा."

आम्ही थांबलो. दुसरं करणार काय? त्यांना खांद्यावर घेऊन आम्ही त्यांचंच ऐकून उभे होतो. मग तिरडी रस्त्यावर टेकवली. धमाका झाला. पायाखालची जमीन हलली, पक्षी उठले, आणि धूळ सावकाश उतरत आमच्या डोक्यांवर आणि त्या पांढऱ्या कापडावर येऊन बसली.

"रस्ता मोकळा आहे. मी बघितलं आहे. आता चला."

खांदेकऱ्यांनी वाकून तिरडी उचलली. माणसांनी पाय उचलले. मीही उचलला.

"खाली ठेवा." सुमनवहिनी पुढं आल्या. "त्यानं बघितलेलं नाय."

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पदर नाकावर ओढला आणि त्या एकट्याच धुळीत चालू लागल्या. "काकी, मी जातो," म्हणून नितेश मागून धावला. त्यांनी मागे न पाहता हातानं त्याला परतवलं. वळणाशी त्या धूसर झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. वरून खडे घरंगळत आल्याचा आवाज आला. कुंपणापाशी थांबलेली माणसं एव्हाना मागून येऊन आमच्यात उभी राहिली होती. सभेत मला अडवणारी ती म्हातारीही त्यांच्यात होती. भोंगा म्हणत होता, आता चला. कुणी हललं नाही.

बऱ्याच वेळानं त्या परत आल्या. केस, भुवया, पापण्या सगळं धुळीनं पांढरं. धाप लागलेली.

"वाटेत एक धोंडा होता, ढकलला. आता मोकळा हाय," त्या म्हणाल्या. "उचला त्यांना."

आम्ही उचललं आणि त्यांच्या मागून चालू लागलो. वर चारही भोंगे अजून बोलत होते. मी बघितलं आहे. मी बघितलं आहे.